रामसेंची भुतं पाहून आता हसू येतं, तरी ती आवडतात कशी?

लाल-हिरवा उजेड, जुनाट हवेली, धूर आणि त्यातून डोलत येणारा राक्षस. रामसे बंधूंच्या सिनेमांच्या क्लिप आज रील्समध्ये विनोद म्हणून फिरतात. ज्या दृश्यांना थिएटरमध्ये किंकाळ्या पडायच्या, त्यांच्यावर आता मीम बनतात. असं का?

सुरुवात झाली एका फ्लॉपपासून. १९७० च्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी'मध्ये पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात. सिनेमा पडला, पण त्या एका प्रसंगाला लोक घाबरतात, हे रामसेंनी हेरलं. मग १९७२ मध्ये आला 'दो गज जमीन के नीचे'. शूटिंगसाठी सगळं युनिट थेट महाबळेश्वरला गेलं. सेटचा खर्च वाचला. भाऊ सात, त्यामुळे दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, पटकथा सगळं घरातच. पैसे कमी, म्हणून अंधार आणि धूर जास्त!

इथेच खरी मेख आहे. अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांनी १९६४ मध्ये 'कॅम्प' या आवडीवर निबंध लिहिला. त्यांच्या मते अस्सल कॅम्प ठरवून होत नाही. करणारा मनापासून गंभीर असतो, पण प्रकार हाताबाहेर जातो आणि त्यातच मजा येते. रामसे असेच गंभीर होते. 'मुंज्या' (२०२४) सारखे आजचे सिनेमे मात्र हसवायचं ठरवूनच हसवतात.

पण फक्त हसून सोडलं तर एक गोष्ट निसटते. 'पुराना मंदिर' (१९८४) मधला सामरी आठवा. अनिरुद्ध अग्रवाल या इंजिनिअर झालेल्या अभिनेत्याने तो साकारला. सामरीचा शाप काय? त्याला शिक्षा देणाऱ्या राजाच्या घराण्यातल्या बाया बाळंतपणात मरतील. शिक्षा दिली राजाने, जीव जाणार लेकींचा. बाळंतपणातला मृत्यू तेव्हा घरोघरी माहीत असलेली भीती होती. गंमत म्हणजे हेच सिनेमे नायिकेच्या अंघोळीची दृश्यंही तिकिटं विकायला वापरत. तेही विसरून चालणार नाही.

थोडक्यात, मेकअप जुना झाला म्हणून सामरी हास्यास्पद वाटतो. त्याचा शाप मात्र आजही तितकासा हास्यास्पद वाटत नाही. पुढची क्लिप शेअर करण्याआधी अख्खा सिनेमा एकदा बघाच.