रॅमचा वेग आणि खिशाचा आवाका



या वेळचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आला आहे. नवा कॉम्प्युटर जुळवायचाय, पैसे मोजके आहेत आणि दुकानात रॅमच्या पाकिटांवर आकड्यांची नुसती जत्रा: ४८००, ५६००, ६०००, ७२००. आकडा चढला की किंमतही चढते. मग घ्यायचं काय? त्यातून २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भडकले. कारखान्यांनी एआयच्या डेटा सेंटरांची मागणी आधी पुरवायची ठरवली आणि तुमच्या-आमच्यासारखं घरगुती गिऱ्हाईक मागे राहिलं. म्हणजे चूक करायला आता परवानगी नाही!

आधी आकड्यांचा अर्थ बघू. डीडीआर५-६००० मधला ६००० म्हणजे सेकंदाला ६००० दशलक्ष वेळा माहितीची ने-आण. सर्रास सगळे त्याला मेगाहर्ट्झ म्हणतात. खरं तर आतलं घड्याळ ३००० मेगाहर्ट्झनेच चालतं, पण दर ठोक्याला दोनदा काम उरकतं. एका स्टिकमधून प्रत्येक खेपेला ८ बाइट जातात, म्हणजे सेकंदाला ४८ गिगाबाइट.

पाकिटावर आणखी एक आकडा असतो, तो म्हणजे सीएल. न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ डोळ्यांसमोर आणा. नळ सोडल्यावर गरम पाणी यायला लागतो तो वेळ वेगळा, आणि आल्यावर धार किती मोठी हे वेगळं. मोठा आकडा धारेचा. सीएलवरून कळतं ते ताटकळणं. हिशेब सोपा आहे. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाच्या आकड्याने भागा, उत्तर येतं नॅनोसेकंदात.

करून बघा. जुन्या डीडीआर४-३२०० सीएल १६ चे येतात १० नॅनोसेकंद. डीडीआर५-६००० सीएल ३० चेही १०. आणि महागड्या ७२०० सीएल ३६ चे? तेही १०च! उलट डीडीआर५-४८०० सीएल ४० चे जवळजवळ १७ होतात. म्हणजे नुसता मोठा आकडा पाहून उडी मारण्यात अर्थ नाही, आणि अगदी तळातला घेण्यातही नाही.

आता पैसे कमी असतील तेव्हाचा माझा क्रम सांगतो.

पहिलं, रॅम किती ते ठरवा, वेग नंतर. स्वयंपाकघराचा ओटाच लहान असेल तर बाई कितीही चपळ असली तरी डबे सारखे फडताळात ठेवावे-काढावे लागतात. रॅम भरली की कॉम्प्युटर हेच करतो, आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी मंद. सध्याच्या कॉम्प्युटरवर नेहमीची सगळी कामं एकदम उघडा आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा पाहा. तो ९० टक्क्यांच्या घरात असेल तर वेगाचा विचारच सोडा, आधी रॅम वाढवा. पत्रव्यवहार, बँक, मुलांचा गृहपाठ यांना १६ जीबी पुरते. इंजिनीअरिंगची चित्रं, व्हिडिओ जुळवणं असेल तर ३२ घ्यावी.

दुसरं, एकाऐवजी दोन स्टिक. घरगुती मदरबोर्डवर रॅमचे दोन मार्ग असतात. ६००० ची एकच स्टिक ४८ गिगाबाइट देते, तर ४८०० च्या दोन मिळून ७६.८. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण चित्रंही त्याच रॅममधून जातात. मात्र चार स्टिकच्या मोहात पडू नका. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत कंपनीनेच दोन स्टिकना ५२००, तर चारांना ३६०० ही अधिकृत मर्यादा घातली आहे.

तिसरं, मग वेग. आणि तोही मधलाच. रायझन ७००० साठी ६००० हा सर्वांत फायद्याचा आकडा असं एएमडीने २०२२ मध्ये सांगितलं होतं. त्याच्या फार वर गेलं की प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर निम्म्या चालीने चालू लागतो आणि जास्तीचे पैसे बरेचसे वाया जातात.

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एक गृहस्थ भेटले. "अहो, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना?" म्हणून खिशातून एक यादी काढली. वर्षभर नोकरी नाही. मुलगी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला, आणि उन्हाळ्यात लायब्ररीत काम करून तिने साठवलेल्या पैशांतच सगळं बसवायचं. यादीत रायझनचा प्रोसेसर, ७२०० ची, रंगीत दिव्यांची ३२ जीबी रॅम. आणि ती परवडावी म्हणून डिस्क ५०० जीबीची आणि पॉवर सप्लाय कुठल्याशा निनावी कंपनीचा. "थोडे कार्डावर घालून अजून चांगलं घेऊ का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी म्हटलं, "काका, कर्ज अजिबात नको. ६००० सीएल ३६ ची साधी जोडी घ्या, बिनदिव्यांची. विलंब १२ नॅनोसेकंद. तिच्या कामात १० आणि १२ चा फरक तिला कळणारसुद्धा नाही. वाचतील ते पैसे पॉवर सप्लाय आणि डिस्कमध्ये घाला. पॉवर सप्लाय बिघडला तर सोबत बाकीचंही घेऊन जाऊ शकतो." ते यादी घडी करून म्हणाले, "म्हणजे तिच्या पैशात बसतंय!" हिशेब केला तर खरोखरच बसत होतं.

चौथी गोष्ट फुकट आहे, म्हणूनच बहुतेक विसरली जाते. ६००० ची रॅम लावली म्हणून ती आपोआप ६००० ने धावत नाही. कॉम्प्युटर सुरू होताना बायॉसमध्ये जाऊन इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी किंवा एएमडीच्या बोर्डावर एक्स्पो ही सोय चालू करावी लागते. नाहीतर ती ४८०० सारख्या मूळ वेगानेच चालते. चालू केल्यावर मेमटेस्ट८६ हा मोफत प्रोग्रॅम रात्रभर चालवा. चुका दिसल्या तर वेग एक पायरी उतरवा. तरीही दिसल्या तर परतीची मुदत संपायच्या आत स्टिक दुकानात परत करा.

विकत घेण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी तपासा. डीडीआर४ ची स्टिक डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही, तेव्हा मदरबोर्ड कोणता आहे ते आधी पाहा. लॅपटॉप असेल तर रॅम बदलता येते की बोर्डालाच डाग देऊन जोडलेली आहे, हेही बघा. जोडलेली असेल तर पुढे वाढवता येणार नाही, पहिल्याच दिवशी पुरेशी घ्यावी लागेल.

आणि घरात डीडीआर४-३२०० चं चालतं यंत्र असेल तर नव्या आकड्यांना भुलून ते काढू नका. दुसरा स्लॉट रिकामा असेल तर तशीच एक स्टिक घाला. अजून काही वर्षं ते निमूटपणे काम करील.