कान्हेरीचे दाते

इतिहास म्हणजे राजांच्या सनावळ्या, असा समज आमच्या विद्यार्थिवर्गात रूढ आहे. आम्हांस तो मान्य नाही. आणि आमच्या मतास आधार ठाण्याच्या पश्चिमेकडील डोंगरांतच सापडतो.

साष्टी बेटावरील कान्हेरी, म्हणजे जुना कृष्णगिरी, हा बौद्ध भिक्षूंचा मठ सुमारे 1000 वर्षे नांदता होता. खडकात कोरलेली तेथील लेणी 100हून अधिक आहेत. एवढा मठ कोणाच्या बळावर चालला? याचे उत्तर तेथील शिलालेखच देतात. कल्याण हे त्या काळी भरभराटीचे बंदर होते. तेथील सामिदत्त नामक सोनाराने मठास पाण्याचे टाके दिले. नंद नामक लोहाराने वाट करून दिली. पुढे 9व्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या कारकीर्दीत, दूरच्या गौड देशातील अविघ्नाकर याने 100 द्रम्म ठेव दिली. तिच्या व्याजातून भिक्षूंस वस्त्रे मिळावीत, अशी त्याची योजना होती.

पाणी, वाट, वस्त्र! दाने साधीच, तथापि त्यांवाचून विद्या आणि ध्यान दोन्ही थांबली असती.

आज सहलीस जाणारे कित्येकजण लेण्यांच्या भिंतींवर आपली नावे खरडतात, ही गोष्ट लज्जास्पद होय. पालकांनी मुलांस ते टाके आणि ते लेख अवश्य दाखवावेत. लोहाराचे नाव तेथे आहे, कारण त्याने वाट दिली. आपण काय दिले, हे प्रत्येकाने खडा उचलण्यापूर्वी मनास विचारावे.