इमला एकाचा, झळ शेजाऱ्याला



गावात कुणी नवे घर बांधले की पारावर दोन तट पडतात. एक म्हणतो, "काय झोकात बांधलंय!" दुसरा म्हणतो, "छे, कणगी उलटी उभी केल्यासारखं दिसतंय." घरधनी दोन्ही ऐकतो आणि गप्प बसतो. विलायतेत, लंडन शहरात, कचेऱ्यांच्या एका मनोऱ्यावरून असेच तट पडले. त्याची हकिगत आपण सर्वांनी ऐकावी अशी आहे.

फेनचर्च स्ट्रीटवरची ही इमारत २०१४ साली पुरी झाली. उंची १६० मीटर. दोन कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी ही वर उरेल. पण बोलबाला झाला तो उंचीचा नव्हे, आकाराचा. ही इमारत खाली बारीक आणि वर फुगलेली आहे. कारण साधे आहे. वरच्या मजल्यावरून नदी आणि शहर छान दिसते, म्हणून तिथे भाडे जास्त मिळते. भाडे जास्त, तिथे जागाही जास्त काढली! पोलिसांच्या हातात बोलण्याचे बिनतारी यंत्र असते ना, तशी ती दिसते म्हणून लोकांनी तिचे नाव 'वॉकी-टॉकी' ठेवले.

बांधण्याआधीच वाद पेटला. २००७ साली सरकारी चौकशी बसली. जुन्या वास्तूंची काळजी वाहणारी 'इंग्लिश हेरिटेज' ही संस्था विरोधात उभी राहिली. जवळच टॉवर ऑफ लंडन हा नऊशे वर्षांहून जुना किल्ला आहे. त्याच्या पाठीशी हे धूड उभे राहिले तर त्याची शोभा जाईल, असे विरोधकांचे म्हणणे. उलट बाजू म्हणे, शहराला कचेऱ्या हव्यात, शिवाय माथ्यावर बाग होणार आणि ती लोकांना फुकट पाहता येणार. अखेर परवानगी मिळाली.

वाद झाला तो मुख्यतः रूपाचा. खरी अडचण निघाली उन्हाची.

२०१३ च्या ऑगस्टअखेर काम चालूच होते. दक्षिणेची काचेची भिंत आतल्या बाजूला वळलेली. ज्यांनी सूर्यचुलीची चकचकीत थाळी पाहिली आहे त्यांच्या लगेच ध्यानात येईल. अशी थाळी सारे ऊन गोळा करून एका जागी टाकते. या भिंतीने तेच केले, आणि ते ऊन पडले समोरच्या ईस्टचीप रस्त्यावर. तिथे उभ्या असलेल्या एका जॅग्वार मोटारीचा आरसा आणि पत्रा वितळून वाकडा झाला. एका दुकानाचे पायपुसणे करपले. एका वार्ताहराने तर फुटपाथवर तवा ठेवून अंडे तळून दाखवले! मालकांनी मोटारीची भरपाई दिली, घाईने पडदा बांधला, आणि पुढच्या वर्षी भिंतीवर ऊन अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या कायमच्या बसवल्या.

नवल असे की, आराखडा करणारे राफाएल विन्योली यांच्याच अमेरिकेतल्या लास व्हेगास इथल्या एका हॉटेलच्या उन्हाने २०१० साली पोहण्याच्या तलावाकाठची माणसे भाजली होती. पहिल्या आराखड्यात ऊन अडवण्याच्या पट्ट्या होत्या, पुढे खर्च वाचवताना त्या गळल्या, असेही बाहेर आले. पुढचाच शहाणा, मागचा ठेच खातो!

२०१५ साली वाऱ्याचीही ओरड झाली. उंच भिंतीवर आपटलेला वारा खाली रस्त्यावर उतरतो आणि चालणाऱ्याला ढकलतो. त्याच वर्षी एका मासिकाने तिला देशातल्या सर्वांत वाईट नव्या इमारतीचे 'कार्बंकल कप' हे बक्षीस दिले. आणि २०१७ साली हाँगकाँगच्या, कालवांचे सॉस बनवणाऱ्या एका कंपनीने तीच इमारत सुमारे १२८ कोटी पौंडांना विकत घेतली. माथ्यावरची बाग पाहायला माणसे आधी नाव नोंदवून येतात, तिकीट नाही. मग ही इमारत चांगली की वाईट? ज्याला जे दिसले, तो ते सांगणार.

मंडळी, रूपाचा वाद कधी मिटत नाही, आणि मिटवायची गरजही नाही. कुणाला कौलारू आवडते, कुणाला गच्ची. पण ऊन, वारा आणि पाणी यांना आवडनिवड नसते. ती हिशेबाने चालतात. आपल्याकडे भावकीची निम्मी भांडणे वळचणीच्या पाण्यावरून होतात. पागोळ्या एकाच्या आणि भिंत खचते दुसऱ्याची. नवी भिंत उठते आणि शेजारच्या खळ्यावर उफणणीचे वारे बंद होते.

म्हणून गावात समाजमंदिर, गोदाम किंवा सोसायटीची इमारत होणार असेल तर ग्रामसभेत नुसते चित्र पाहून माना डोलावू नका. विचारा, दुपारची सावली कुठे पडेल? पत्र्याची चकाकी कुणाच्या डोळ्यांत जाईल? पावसाचे पाणी कुणाच्या दारात साचेल? आणि हे शेजारच्या घरातल्या बाईमाणसाला आधी विचारा. दिवसभर ऊन-सावली तीच पाहते.

रंग मालकाने आपल्या पसंतीने द्यावा. झळ मात्र शेजाऱ्याला विचारून मोजावी. आणि मोजायची ती पाया खणण्याआधी.