तुझ्या तासाची किंमत काढ जरा!

"इतकं शिकलास आणि रविवारी हे भंगार उघडून बसलास? तुझ्या तासाची किंमत काढ जरा!" जेवायला आलेल्या एका स्नेह्यांनी मला हे हसत हसत ऐकवलं. पोस्टडॉकच्या तासाची किंमत काढली तर रडूच येईल, म्हणून मी विषय बदलला. पण उत्तर द्यायला हवं होतं, ते इथे देतो.

टेबलावर होतं निन्टेंडोचं एनईएस, अमेरिकेत १९८५ साली आलेलं. गराज सेलमधून आणलेलं. चालू केलं की लाल दिवा सेकंदाला एकदा लुकलुकायचा आणि टीव्हीचा पडदाही त्याच तालावर. मी सांगलीत वाढलो. तिथे टीव्ही गेमवर इलाज एकच, कॅसेट काढा, फुंकर मारा, परत खुपसा. इथेही आधी तेच केलं. खरं तर उपयोग फुंकरीचा नसतोच, काढून घालण्याचा असतो. तोंडाच्या ओलाव्याने धातूच्या पट्ट्या उलट खराब होतात.

मग पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, कापूस काळा झाला. यंत्रातला ७२ पिनांचा कनेक्टर पाण्यात उकळून दोन दिवस वाळवला. (ते पातेलं घरात परत घेतलं गेलं नाही.) तरी दिवा मधूनच लुकलुके.

हे लुकलुकणं मुळात मुद्दाम ठेवलेलं आहे. यंत्रात टेन-एनईएस नावाची चिप असते, तिची जोडीदार कॅसेटमध्ये. दोघींचे संकेत जुळले नाहीत की यंत्रातली चिप सगळं पुन्हा पुन्हा रीसेट करते. विनापरवाना कॅसेटी बाहेर ठेवायला ही व्यवस्था. म्हणजे गेम व्यवस्थित वाचता येत असला, तरी एका पट्टीवर मळ आहे म्हणून दार बंद! जपानच्या १९८३ च्या फॅमिकॉममध्ये ही चिप नव्हती आणि आपल्याकडची स्वस्त यंत्रं त्याचीच नक्कल, म्हणून ती बिचारी कुठलीही कॅसेट गिळायची. मी चिपचा चौथा पाय बोर्डावरून सोडवला. यंत्र आता निमूट चालतं.

चाळीस वर्षांपूर्वीचं कुलूप निघालं, पण आजच्या कुलपांना तर कायद्याचं संरक्षण आहे. आमच्या कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून दुरुस्तीच्या हक्काचा कायदा लागू आहे. १०० डॉलर आणि त्यापुढच्या घाऊक किमतीच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं उत्पादन थांबल्यावरही कंपनीने सात वर्षं सुटे भाग, अवजारं आणि माहिती द्यायची. पण गेम कन्सोल त्यातून वगळलेलं! मिनेसोटातही तेच. माझं यंत्र इतकं जुनं, की ते तसंही त्यात बसलं नसतं. मुलांच्या खोलीतल्या नव्या कन्सोलचं काय? कारण सांगितलं जातं चाचेगिरीचं. पंखा किंवा पॉवर सप्लाय विकत दिल्याने कुठली चाचेगिरी होते, हे मला कुणी समजावून सांगावं. केंद्रीय पातळीवर २०२१ मध्ये कुलूप ओलांडायची जेमतेम सवलत मिळाली, तीही फक्त डिस्क ड्राइव्हपुरती, आणि काम झाल्यावर कुलूप परत लावायच्या अटीवर.

आणि आपण? मंडळाच्या कार्यक्रमात जुगाडाचे गोडवे गातो, आजोबांनी तीस वर्षं टिकवलेल्या रेडिओची गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगतो, आणि सोमवारी चालू शकणारं यंत्र रस्त्याच्या कडेला ठेवून येतो. वर तासाचा हिशोब. हाच हिशोब क्रिकेटच्या मॅचला कुणी लावत नाही. आपल्यातले कितीतरी जण याच कंपन्यांत चिपा आणि सॉफ्टवेअर बनवतात. ही कुलपं आकाशातून पडत नाहीत, कुणीतरी बैठकीत बसून ती ठरवतं. त्या बैठकीत एकदा तरी "हे का?" असं विचारायला काय हरकत आहे? आणि कायद्यातून कन्सोल वगळलं जातं तेव्हा आमदाराला दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो? त्या वेळेची किंमत जरूर काढा.

परवा त्याच स्नेह्यांचा फोन आला. मुलाचं कन्सोल डिस्क घेत नाहीये आणि नवा ड्राइव्ह बसवला तरी चालत नाही. चालणार कसा? तो मदरबोर्डशी जोडलेलाच नाही. जुन्या ड्राइव्हचा सर्किट बोर्ड नव्यात घालून बघू म्हटलं. काका, रविवारी घेऊन या, पण जुना ड्राइव्ह फेकू नका.