पडलेलं झाड जळाऊच्या भावात देऊ नका

वादळवाऱ्यात परसातलं झाड पडलं की दोन दिवसांत त्याची वाट लावण्याची घाई सुरू होते. अंगण अडतं, कौलं फुटलेली असतात, पाऊस डोक्यावर असतो. अशा वेळी टेम्पो घेऊन आलेला माणूस "जागा मोकळी करून देतो" म्हणाला तर तो देवासारखा वाटतो. मे 2021 मधल्या तौक्ते वादळाने डहाणू-तलासरीत चिकूच्या वाड्या आडव्या केल्या, घरामागची कितीतरी जुनी झाडं उन्मळून पडली. गंजाडपासून तलासरीपर्यंतच्या पाड्यांवरच्या घरांना माझं सांगणं एवढंच आहे, की ओंडका पारखल्याशिवाय आणि मोजल्याशिवाय कोणाला देऊ नका.

आधी झाड कोणतं ते बघा, कारण सगळं त्यावर ठरतं. गुलमोहर किंवा शेवगा असेल तर विचार करत बसू नका, त्याचं इमारती लाकूड होत नाही. आंब्याच्या फळ्या चांगल्या निघतात, पण तो थांबत नाही. पावसाळ्यात साल न काढता पडून राहिला की लाकूड काळंनिळं पडतं आणि आत भुंगा शिरतो. जांभूळ पाण्यात टिकतं, म्हणून विहिरीच्या तळाशी त्याचं कडं घालायची पद्धत होती. चिंचेचा मधला काळपट गाभा मुसळ-उखळीला आणि खाटकाच्या ठोकळ्याला उत्तम. खैराच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. कुंपणाचे खांब करायचे तर त्याच्यासारखं दुसरं नाही. ऐन घराच्या खांबांना आणि वाशांना चालतो, मात्र उन्हात टाकला तर फाटतो. चिकूचं लाकूडही जड आणि चिवट असतं, तरी बहुतेक चुलीत जातं, याचं मला वाईट वाटतं.

सागाबद्दल एक गैरसमज आहे. परसातला दोन फूट घेराचा कोवळा साग म्हणजे सोनं नव्हे. त्यात बाहेरचा पांढरा भाग जास्त असतो आणि गाभा थोडा. टिकतो तो गाभाच. कापलेल्या तोंडाकडे बघितलं की हे लगेच कळतं. तिथेच मधली पोकळी, केंद्रातून फुटलेल्या चिरा, किड्याची भोकंही दिसतात. कुऱ्हाडीच्या पाठीने बुंधा ठोका. पोकळ असेल तर आवाज बदलतो.

घराजवळच्या झाडात खिळे आणि तारा असतात, हे विसरू नका. कपड्यांची दोरी, कुंपणाची काटेरी तार, जुना दिवा, सगळं झाडाने वाढता वाढता गिळलेलं असतं. आरागिरणीवाला परसातलं लाकूड घ्यायला कां-कूं करतो तो यासाठीच. एका खिळ्याने पातं जातं. ऐन, खैर, बाभूळ यांत लोखंड रुतलं असेल तर भोवती निळाकाळा डाग पसरतो. तो दिसला की तेवढा तुकडा कापून काढा आणि मगच गिरणीत न्या.

आता मोजणी. ओंडक्याच्या मधोमध, साल सोडून, दोरीने घेर घ्या. इंचांतल्या घेराला चाराने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, त्याला फुटांतल्या लांबीने गुणा आणि 144 ने भागा. 48 इंच घेराचा 8 फुटी ओंडका अशा हिशेबाने 8 घनफूट भरतो. खरं तर त्यात दहा घनफुटांहून थोडं जास्त लाकूड असतं. गोल लाकूड चौकोनी करताना कडा वाया जातात, म्हणून या पद्धतीत सुमारे 21 टक्के आधीच सोडलेले असतात. त्यावर कोणी आणखी "घट" मागितली तर दिसणाऱ्या पोकळीपुरती आणि किडीपुरतीच द्या.

लगेच विकायचं नसेल तर साल काढा, ओंडका दगडांवर उचलून सावलीत ठेवा आणि दोन्ही तोंडांना जुना ऑइलपेंट किंवा शेण-माती लावा. ओल तोंडातून भराभर जाते आणि तिथूनच लाकूड चिरतं. फळ्या पाडल्यात तर प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या पट्ट्या घाला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं.

कायद्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. 1964 च्या महाराष्ट्राच्या झाडतोड कायद्याच्या यादीत साग, ऐन, खैर यांच्याबरोबर आंबा, फणस, जांभूळ, चिंच आणि मोहही आहेत. झाड वाऱ्याने पडलं असलं तरी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि लाकूड गाडीत चढवण्याआधी वनखात्यात वाहतूक परवान्याची चौकशी करा. आदिवासी खातेदारांसाठी 1969 चा वेगळा कायदा आहे. त्यांच्या मालकीच्या झाडांची विक्री व्यापाऱ्याशी परस्पर न होता जिल्हाधिकारी आणि वनखात्यामार्फत व्हावी, असं तो सांगतो. व्यापारी कवडीमोलाने झाडं नेत होते, म्हणून तो करावा लागला. त्यात वेळ जातो, खेटे घालावे लागतात, हे खरं आहे. तरीही तोच रस्ता धरा. मोजणी होईपर्यंत कोणाकडून आगाऊ पैसे घेऊ नका, आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा तर कधीच देऊ नका.