सुट्टीत मैदान उघडं ठेवा

सुट्टीत पोरांसाठी धाराशिवात आहे तरी काय, असं कुणी विचारलं की आपण लगेच पुण्याकडं बोट दाखवतो. तिकडं पोहण्याचे तलाव, नाट्यशिबिरं, रोबोटिक्सचे वर्ग. ज्यांना जमतं ते पोरांना मामाकडं, मावशीकडं धाडतात. बाकीची पाचवी ते आठवीतली पोरं मोबाईल घेऊन पंख्याखाली लोळतात आणि लाईट गेली की ओट्यावर येतात. इकडं खो-खोत ज्या जिल्ह्याचा राज्यभर दरारा, त्याच जिल्ह्यातल्या शाळांच्या मैदानांना नेमकं याच दिवसांत कुलूप!

सारिका काळे आपल्याच जिल्ह्यातल्या. २०१६ साली गुवाहाटीत दक्षिण आशियाई स्पर्धेचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार होत्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. घरची परिस्थिती बेताची, पण चंद्रजित जाधवांसारखा प्रशिक्षक लाभला आणि पाय ठेवायला मैदान होतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या महिला संघातली अश्विनी शिंदेही धाराशिवचीच. महाराष्ट्राच्या मुलींचा संघ पेपरात छापून आला की नावापुढच्या कंसात आपला जिल्हा शोधावा लागत नाही. ही परंपरा टिकवायची तर पुढची फळी बारा-तेरा वर्षांचीच असायला हवी, आणि ती आत्ता ओट्यावर बसली आहे.

या खेळाला लागतं काय? २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद जागा, दोन खांब आणि पाट्या आखायला पांढरी फक्की. बॅट नको, पॅड नको, महागडे बूट तर नकोच. नऊ जण पाठलागाला, तिघे पळतीला, आणि कडेला पाळीची वाट बघत आरडाओरडा करणारी बाकीची टोळी.

खांबावर गडी टिपणारी सातवीतली पोर कधी जवळून बघितली आहे का? पळणारी खांबाला वळसा घालून निसटायच्या बेतात असते. पाठलाग करणारी एका हातानं खांब धरते, सगळं अंग पुढं झोकून देते आणि मोकळ्या हाताची बोटं तिच्या पाठीला टेकवते. हात सुटला तर तोंडावर आपटणार, हे तिला पक्कं ठाऊक असतं. ही हिंमत पीटीच्या तासात येत नाही. त्या तासातला निम्मा वेळ तर रांगा लावण्यातच जातो. रोज सकाळी दोन-अडीच तास मोकळे मिळतात ते सुट्टीतच.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाचीच आहे. कळंब, वाशी, भूम, परंडा या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परततात. त्यांची पोरं गावात येतात तेव्हा वर्ष सरत आलेलं असतं, आणि लगेच सुट्टी लागते. वर्गात मागं पडलेलं पोरगं मैदानात मागं पडेलच असं नाही. शाळेशी तुटलेली त्याची गाठ पुन्हा बांधायला खेळासारखी सोपी वाट दुसरी मला तरी दिसत नाही.

मुख्याध्यापकांची अडचण खोटी नाही. पोरगं पडलं, हात मोडला तर जाब त्यांनाच विचारतात. म्हणून नुसतं ‘फाटक उघडा’ म्हणून भागणार नाही. वर्गखोल्या बंद राहू द्या, मैदान तेवढं उघडा. शाळा व्यवस्थापन समितीनं तसा ठराव लिहून घ्यावा, रोज दोन मोठी माणसं हजर राहतील अशा पाळ्या लावाव्यात, प्रथमोपचाराची पेटी जवळ ठेवावी. गावातल्या जुन्या खेळाडूंनी शिट्टी हातात घ्यावी. क्रीडाशिक्षकांना सुट्टीत बोलवायचं असेल तर लोकवर्गणीतून मानधन द्या. फुकट राबवून घेण्याची सवय वाईट.

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा खेळ सकाळी सहा ते साडेआठ. त्यानंतर एकही पोरगं उन्हात नको. पण याच वेळेला पाण्याच्या खेपा असतात आणि त्या बहुतेक मुलींच्या वाट्याला येतात. तेव्हा आईबापांनो, हंडा-कळशी थोडी पोरग्यांच्याही हातात द्या! सातवी-आठवीतल्या मुलीचं मैदान एकदा सुटलं की पुन्हा धरणं अवघड. टँकरच्या गावात मैदानावर पाणी मारा म्हणणं शोभणार नाही. जमीन कुदळीनं उकरून, खडे वेचून, चाळलेली माती पसरली तरी गुडघे वाचतात. लग्नाच्या मांडवाला मैदान देत असाल तर खुंट्या उपटून खड्डे बुजवून घेतल्याशिवाय अनामत परत करू नका.

रोज खो-खोच खेळवा असंही नाही. लंगडी, आट्यापाट्या, विटीदांडू आहेतच. एखादा रविवार तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयाला द्या. व्यापारी तगर म्हणून रोमन जगाला ठाऊक असलेलं गाव ते हेच, हे पोरांना कळू द्या. एखादा रविवार नळदुर्गच्या पाणीमहालाला. नर-मादी धबधबे तेव्हा कोरडेच असतील, पण बोरी नदी अडवणारा तो बांध उतरून बघायला हीच वेळ बरी.

१ मेला झेंडावंदनाला गाव जमतं, निकालासाठी पालकही शाळेत येतात. त्याच दिवशी ग्रामसभाही असते. तिथं हा विषय मांडा आणि ठरावात पाळ्यांची नावं घालून घ्या. उन्हाचं कारण सांगून सभा पुढं ढकलली, तर शाळेच्या व्हरांड्यातच पाच पालकांनी बसून मुख्याध्यापकांना अर्ज लिहा. २ मेच्या सकाळी सहाला फक्कीचा डबा घेऊन कोण येणार, तेही त्याच अर्जात नमूद करा.