‘अँटिऑक्सिडंट’ नावाचा शिक्का

भिलाईच्या कारखान्यात वितळलेल्या पोलादातला जादा प्राणवायू काढण्यासाठी फेरोसिलिकॉन, ॲल्युमिनियम घालतात. मानवी शरीर ही तशी भट्टी नव्हे; येथे पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड वापरूनच जंतू मारतात. मधुमेहाच्या औषधांना ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून गौरवणाऱ्या बातम्यांना मात्र हा भेद ठाऊक नसावा.

अशा बातमीच्या मुळाशी पुष्कळदा परीक्षानळी असते. डीपीपीएचच्या जांभळ्या द्रावणात औषध टाकले, रंग फिका झाला, मथळा तयार! मेटफॉर्मिन घेणाऱ्याच्या रक्तात ते मायक्रोमोलर पातळीवर असते. पेशींवरच्या कित्येक प्रयोगांत ते मिलिमोलर मात्रेत ओतलेले असते. शिवाय रक्तातली साखर उतरली की सुपरऑक्साइडची निर्मितीही घटते. मग श्रेय रेणूचे की उतरलेल्या साखरेचे? त्यासाठी तेवढीच साखर उतरवणाऱ्या दुसऱ्या औषधाचा गट तुलनेला हवा. तो नसेल तर निष्कर्षही नाही.

ट्रोग्लिटाझोनच्या रेणूत ई जीवनसत्त्वातल्यासारखेच क्रोमन वलय होते. त्या वलयाने रुग्णांची यकृते वाचली नाहीत. 2000 साली ते औषध अमेरिकेच्या बाजारातून मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी ‘होप’ चाचणीचे निकाल आले: हृदयविकाराचा धोका असलेल्या साडेनऊ हजारांहून अधिक लोकांत, ज्यांत मधुमेहीही पुष्कळ होते, ई जीवनसत्त्वाने काहीच साधले नाही. 2009 सालच्या एका जर्मन प्रयोगात तर क आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी व्यायामातून वाढणारी इन्सुलिन-संवेदनशीलताच रोखली.

पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठ आणि आयसर येथील संशोधकांचा 2022 सालचा प्रबंध अधिक गंभीर आहे, म्हणून त्याची गैरवाचने अधिक खटकतात. औषधे चालू असलेल्या 250 मधुमेहींपैकी 125 जणांना सहा महिने रोज 500 मिलिग्रॅम ग्लुटाथायोन दिले. डीएनएच्या हानीचा निदर्शक घटला; हे स्वागतार्ह. एचबीए1सीमधला ठळक फायदा मात्र पंचावन्नच्या पुढच्या उपगटात दिसला, आणि तो उपगट मागाहून पाडलेला होता. संशोधकांनी हे प्रामाणिकपणे लिहिले आहे. मागाहून पाडलेला उपगट नव्या चाचणीचे कारण ठरतो, औषधाच्या चिठ्ठीचे नव्हे.

भिलाईतल्या एखाद्या निवृत्त कामगाराने पेन्शनमधून मेटफॉर्मिनसोबत महागड्या कॅप्सूलही घ्याव्यात काय? मात्रा किती होती, तुलनेला कोण होते, कोणाचे डोळे वा मूत्रपिंडे खरोखर वाचली, एवढे तरी त्याला कळले पाहिजे. बातमीत असतो तो फक्त बाटलीचा फोटो.